कोल्ड एअर इनटेक बसवायचाय? बोनेट उघडण्याआधीची तयारी

भाच्याने गाडीसाठी कोल्ड एअर इनटेकचं, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणाऱ्या पाइप-फिल्टरचं, किट घ्यायचं ठरवलंय आणि काम आमच्या साताऱ्याच्या घरी, अंगणात करायचं असं त्याचं म्हणणं आहे. हात चालणाऱ्या माणसाला हे काम दोन तासांचं. पण तयारी कच्ची राहिली की तेच काम दोन रविवार खातं, हे मी माझ्या गाडीवर भोगलंय. त्याच्यासाठी यादी लिहायला बसलो, ती लांबत गेली, म्हणून सगळ्यांनाच उपयोगी पडेल अशी लिहून काढतोय.

किटचे पैसे भरण्याआधी बोनेट उघडा आणि कंपनीच्या एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड नेमकं कुठे जातं ते हाताने चाचपत शोधा. बहुतेक गाड्यांत ते पुढच्या जाळीमागे किंवा हेडलाइटच्या बाजूला उघडतं, म्हणजे कंपनीची गाडी बाहेरचीच हवा घेत असते. त्यातले ते डबे आणि वळणं आवाज कमी ठेवायला आणि पाणी अडवायला असतात. तुमचं नवं किट याहून थंड हवा कुठून आणणार? या प्रश्नाचं उत्तर बोट ठेवून दाखवता आलं, तरच पुढे जा. नुसता डबा काढून इंजिनाशेजारी शंकूसारखा फिल्टर लावला, तर तो रेडिएटरची आणि सायलेन्सरच्या पहिल्या पाइपाची गरम हवा ओढतो.

मी हेच केलं होतं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा आवाज असा भारदस्त झाला की गाडी पळतेय असंच वाटायचं. मग एप्रिलच्या दुपारी राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे गर्दीत येताना इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून पाहिलं. आत जाणारी हवा ६२ अंश. कंपनीच्या डब्यासह त्याच रस्त्यावर, तशाच दुपारी ४७ अंश नोंदवलेली होती. हवेची घनता केल्विन तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते. ४७ म्हणजे ३२० केल्विन, ६२ म्हणजे ३३५. तेवढ्याच जागेत साडेचार टक्के हवा कमी. पैसे खर्चून मी इंजिनाची ताकद कमी केली होती. म्हणून यादीत सगळ्यांत वर हीट शील्ड, म्हणजे इंजिनाची उष्णता फिल्टरपासून अडवणारा पत्रा. किटसोबत आली नसेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करून घ्या. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून बघा आणि तो साचाच त्याच्या हातात द्या. पत्र्याच्या कडेला रबरी बीडिंग हवंच, नाहीतर महिन्याभरात ती कड वायरिंग सोलून काढते. आणि शील्डच्या आत बाहेरची हवा आणणारा पाइप असला पाहिजे. नुसती भिंत उभी करून हवा थंड होत नाही.

अपेक्षाही आत्ताच जागेवर ठेवू. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, म्हणजे हवेचा दाब कोकण किनाऱ्यापेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास कमी. कासच्या पठारावर, १,२०० मीटरला, ही तूट तेरा टक्क्यांवर जाते. यवतेश्वरचा घाट चढताना बिनटर्बोची बाराशे सीसीची गाडी दमते त्यामागे हेही आहे, आणि ती तूट कुठलाही पाइप भरून काढत नाही. अशा लहान इंजिनात इनटेकने पिकअपमध्ये जो फरक पडतो तो थोडा, आवाजात पडतो तो मोठा. आवाजासाठी बसवत असाल तर त्यात गैर काही नाही, मात्र ते स्वतःशी कबूल करून बसवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ गाडीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘चालतंय की’ वर जाऊ नका.

गाडीला सीएनजी असेल तर किट कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये गॅस थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, आधीच हवेत मिसळतो. तिथे बॅकफायर झाला, म्हणजे इंधन चुकीच्या वेळी पेटलं, तर भडका इनटेकच्या पाइपातून उलटा फिल्टरपर्यंत येतो. अशा गाडीला मी हे किट बसवणार नाही आणि कुणाला बसवू देणार नाही. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस इंजेक्टरमधून थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर, जातो, तिथे ही अडचण नाही.

आता मापं. ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर पाइपातच बसवलेला असतो, तिथे पाइपाचा आतला व्यास जीव की प्राण. तो सेन्सर तारेवरून जाणाऱ्या वाऱ्याने तार किती गार होते त्यावरून हवा मोजतो, आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) हिशेब कंपनीच्या व्यासावर बांधलेला असतो. मूळ नळी ६० मिलिमीटरची आणि नवी ६५ ची असेल, तर फरक पाचच मिलिमीटर वाटतो, पण छेदाचं क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा जाताना सेन्सरवरचा वारा १५ टक्क्यांनी मंद होतो. ईसीयूला वाटतं हवा कमी आली, ते पेट्रोल कमी सोडतं, आणि इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतं. ‘मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद’ हे दुकानात ऐकाल तेव्हा हा हिशेब आठवा. व्हर्नियरने दोन्ही नळ्या सेन्सरच्या जागी आतून मोजा आणि मापं जुळत नसतील तर किट परत पाठवा. सेन्सर काढायला लागणारा स्क्रू बऱ्याचदा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचा, असतो, तो बिट आधीच आणून ठेवा. सेन्सरवर बाण कोरलेला असतो, तो हवेच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडे राहायला हवा. त्याचं ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, नखाने चाचपा. चपटं झालेलं असेल तर नवं.

फिल्टर तेलाचा की कोरडा? आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांमागे रस्ताभर धूळ असते, आणि महामार्गाच्या रुंदीकरणाची धूळ वेगळीच. तेलाच्या सुती फिल्टरला धूळ चांगली चिकटते हे खरं. पण धुतल्यावर लोक तेल हात सैल सोडून ओततात, आणि ते उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. स्वतः धुणार असाल आणि सेन्सर पाइपात असेल, तर कोरडाच घ्या.

पावसाचा विचार मात्र थांबून करा. काही किटमध्ये फिल्टर थेट बंपरमागे, चाकाच्या कमानीजवळ उतरवलेला असतो. जागा सगळ्यांत थंड तीच, आणि पाण्याला सगळ्यांत जवळचीही तीच. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये ते शिरलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन खोलण्याशिवाय गत नाही. जुलैत कास, बामणोली, ठोसेघरच्या बाजूला जाणाऱ्याने आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी घालणाऱ्याने फिल्टर हेडलाइटच्या उंचीलाच ठेवावा. दोन अंश गरम हवा चालेल. फिल्टरवर चढवायची पाणी झटकणारी पिशवी मिळते. ती शिंतोडे अडवते, बुडालेल्या फिल्टरला वाचवत नाही.

आदल्या रात्री एका ट्रेमध्ये सामान मांडा. दहाचा पाना आणि गोटी पाना, लांब एक्स्टेन्शनसह, कारण डब्याचा एक बोल्ट हमखास बॅटरीमागे लपलेला असतो. पक्कड, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, केबल टाय, मास्किंग टेप, बोल्टांसाठी झाकणाच्या डब्या. किटमधल्या क्लिपा हलक्या असतील तर दोन चांगल्या स्टीलच्या. ब्रीदर पाइपासाठी (इंजिनातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये आणणारी नळी) तेलात टिकणाऱ्या रबरी नळीचा फूटभर तुकडा घ्याच. जुनी नळी उन्हाने कडक झालेली असते आणि ओढताना तोंडाशी चिरते. चिरलेली तशीच लावली किंवा उघडी सोडली, तर सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते आणि आरपीएम डोलायला लागतो. नव्या पाइपावर ब्रीदरसाठी निप्पल आहे का, आणि त्याच जाडीचं आहे का, तेही बघून ठेवा.

घरात विचित्र वाटेल अशी एक मागणी करा: कणकेचा लिंबाएवढा गोळा. पाइप जागेवर बसला की त्याच्या सगळ्यांत उंच जागी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला तो गोळा ठेवायचा, बोनेट हलक्या हाताने बंद करून परत उघडायचं. गोळा जेवढा जाड उरला तेवढी वर जागा. मला किमान बोटभर हवी, कारण रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलतं आणि पाइप सोबत घेऊन हलतं. पोळीसारखा चपटा झाला तर पाइप बोनेटला घासणार. पहिल्यांदा मी हे केलं नव्हतं, आणि बोनेटच्या आतल्या बाजूचा रंग चार दिवसांत पत्र्यापर्यंत गेला होता.

काम सुरू करण्याआधीच्या शनिवारी मूळ डब्यासह आकडे घ्या, ते नंतर मिळत नाहीत. गाडीच्या तपासणी सॉकेटात लावायचा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर पुरतो. इंजिन गरम असताना आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा, टिपून ठेवा. मग बोगद्यापासून यवतेश्वरपर्यंत एका ठरलेल्या गिअरमध्ये घाट चढा आणि तेच आकडे परत टिपा. रस्ता मोकळा असेल अशी पहाटेची वेळ निवडा आणि आकडे वाचायला शेजारी कुणी तरी बसवा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. ट्रिम शून्याच्या दोन्ही बाजूंना पाचच्या आत असेल तर गाडी तब्येतीने ठीक आहे. आधीच दहाच्या पुढे असेल तर तो दोष काढा, किट थांबवा. नंतर बसवल्यावर याच आकड्यांवरून कळेल काय बिघडलं आणि काय सुधारलं.

सकाळी इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याआधी बोनेटखालचे चारही बाजूंनी फोटो घ्या, एक फोटो सेन्सरच्या वायरच्या कपलरच्या (प्लास्टिकच्या जोडाच्या) लॉकचा अगदी जवळून. माझ्या हातून ते लॉक एकदा तुटलं, कारण मी वायर धरून ओढली. आधी कपलर आत दाबायचा, मग अंगठ्याने जीभ उचलायची, आणि प्लास्टिकला धरूनच मागे घ्यायचा. टर्बो गाडी असेल तर दुप्पट सावध राहा. पाइपात राहिलेला प्लास्टिकचा बारीक तुकडाही फिरत्या पात्यावर जाऊन आदळतो.

काढलेला डबा, त्याचे बोल्ट आणि रबरी बुश एकाच गोणीत, वर गाडीचा नंबर लिहून माळ्यावर. सर्व्हिसला, विकताना, किंवा ट्रिम जागेवर येत नाही असं दिसलं तर तो परत लागणार.

शेवटची वस्तू सुती कापड. तीनच तुकडे घ्या, तिन्ही भडक रंगाचे, आणि मोजून घ्या. पाइप निघाला की पहिला तुकडा थ्रॉटल बॉडीच्या तोंडात, निम्मा बाहेर लोंबत ठेवून. क्लिपा आवळण्याआधी तिन्ही तुकडे ट्रेमध्ये परत आलेले दिसले पाहिजेत. भाच्याला मी लाल रंगाचे काढून ठेवायला सांगितलेत, आणि किल्ली तोवर माझ्या खिशात राहणार आहे.