प्रयोगशाळेत स्नायू वाढवताय? या चुका टाळा

नवव्या दिवशी सकाळी प्लेट काढली, तर दोन इवल्या लवचीक खांबांमध्ये ताणलेली, पेशी आणि जेलपासून बनवलेली स्नायूची पट्टी एका टोकाने सुटून कोपऱ्यात गोळा झालेली. अशा वेळी आपण काल काय बिघडलं ते शोधत बसतो. छत्रपती संभाजीनगरला पेशींवर काम करताना मी हेच पाहत आले आहे, की चूक बहुधा आठवडाभर आधीची असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फ्लास्क पेशींनी पूर्ण भरू देणं. उंदराच्या सी२सी१२ या वाणाच्या मायोब्लास्ट (स्नायू बनवणाऱ्या कच्च्या पेशी) दाटी झाली की एकमेकींत विलीन होऊ लागतात, आणि विलीन झालेली पेशी पुन्हा विभागत नाही. फ्लास्क ७० टक्क्यांपुढे गेला की चांगल्या जुळणाऱ्या पेशी तिथेच संपतात आणि पुढच्या पॅसेजला (पेशी नव्या फ्लास्कात वाटून लावताना) जातात त्या न जुळणाऱ्या. असं तीन-चार वेळा झालं, की पेशी जुळाव्यात म्हणून २ टक्के हॉर्स सीरम (घोड्याच्या रक्तातला द्रव) देऊनही मायोट्यूब, म्हणजे जुळून झालेले स्नायूतंतू, विरळच येतात. या पेशी साधारण दिवसभरात दुप्पट होतात. त्यामुळे शुक्रवारी अर्धा दिसलेला फ्लास्क सोमवारवर ढकलू नका, शनिवारी या. कमी पॅसेजच्या भरपूर कुप्या आधीच गोठवून ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्याची. पेशींना आधार देणारं मॅट्रिजेल हे जेल १० अंशांच्या वर गेलं की घट्ट होऊ लागतं आणि मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असतो. एकदा विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, टिपमध्येच घट्ट व्हायलंय." पाहिलं तर नळी बर्फात होती, पिपेटची टिप मात्र टेबलावरच्या डब्यातली. टिप, प्लेट, पेशींचं मिश्रण, सगळं आधी गार करा. मिश्रण गोठवून त्यात फायब्रिनचं जाळं तयार करणारं थ्रॉम्बिन अगदी शेवटी घाला आणि मग हात थांबवू नका. अर्धवट गोठलेलं फायब्रिन पिपेटने ढवळलं की त्यात गाठी होतात आणि पट्टी पुढे तिथेच तुटते.

आमची ती नवव्या दिवसाची पट्टी मात्र वेगळ्या कारणाने सुटली होती. मायोब्लास्ट फायब्रिन हळूहळू पचवतात, म्हणून मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) ते पचन रोखणारं अमिनोकॅप्रोइक आम्ल लागतं. पेशींना स्नायूत बदलवणारं डिफरन्सिएशन मीडियम नव्याने बनवताना ते घालायचं राहिलं होतं. आता बाटलीवर तारखेसोबत त्याचीही खूण करतो.

जास्त जोर मिळावा म्हणून पट्टी जाड करू नका. रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत ऑक्सिजन जेमतेम १०० ते २०० मायक्रॉन आत पोचतो, त्यापुढचा गाभा मरतो.

वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून पाहू नका. सीओ२ (कार्बन डायऑक्साइड) निसटला की मीडियममधलं फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) गुलाबी-जांभळं होतं. पिवळं झालं असेल तर पेशी जास्त झाल्यात किंवा संसर्ग आहे. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूने मात्र मीडियम गढूळ होत नाही. त्यासाठी नियमित पीसीआर ही डीएनए चाचणीच करावी लागते. शेजारच्या लॅबमधून आलेल्या पेशी तोवर वेगळ्याच ठेवा. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये बोअरचं पाणी नको, क्षार बसतात.

पट्टी आखडावी म्हणून विजेचा झटका देताना साध्या धातूच्या तारांऐवजी कार्बनचे इलेक्ट्रोड घ्या आणि पल्स दोन्ही दिशांचे ठेवा, नाहीतर बुडबुडे येऊन मीडियमचा पीएच बिघडतो. १ हर्ट्झला (सेकंदाला एक पल्स) पट्टीचे सुटे झटके दिसले, की २० हर्ट्झला ते एकत्र मिसळतात का ते पाहा. पहिल्यांदा पट्टी आखडते तेव्हा सगळी लॅब मायक्रोस्कोपभोवती जमते. त्या गर्दीतही व्हिडिओ सुरू ठेवा, कारण जोर मोजायचा आहे तो खांब किती वाकला यावरून.