चेहरा सपाट का दिसतो? व्यक्तिचित्रात उजेडाच्या या चुका टाळा

नाक-डोळे-ओठ मापात बसलेत, तरी चेहरा सपाट दिसतो. मग शेडिंग आणखी गडद केलं जातं आणि चित्र नुसतं मळतं. अशा वेळी हाताला दोष देण्याआधी मॉडेलवर पडणारा उजेड तपासा.

एकाहून जास्त दिवे. छताला ट्यूबलाइट, बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत. नाकाच्या दोन सावल्या पडतात आणि दोन्ही फिक्या. ट्यूब बंद करा आणि एकच दिवा ठेवा: समोरून ४५ अंश बाजूला, बसलेल्या माणसापासून तीन फुटांवर आणि त्याच्या डोळ्यांपेक्षा तीन फूट उंच. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला, की जागा जमली. डोळ्याची खोबण पूर्ण काळी पडत असेल तर दिवा थोडा खाली घ्या. सावलीची बाजू फिकी वाटली तर त्या बाजूला गडद चादर टांगा, भिंतीवरून उसळणारा उजेड कमी होतो. फोटोवरून काढणार असाल तर फ्लॅश आणि एचडीआर (फोनच्या कॅमेऱ्यातली उजेड-सावलीतला फरक कमी करणारी सोय) दोन्ही बंद. फ्लॅश समोरून सावल्या खातो, एचडीआर उरलेल्या उजळवतो.

उत्तरेच्या खिडकीवर आंधळा विश्वास. हा सल्ला युरोपातल्या स्टुडिओंचा. तिथे उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळ सोडली तर उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतं. खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावा.

उजेड आणि सावली यांची खिचडी. सगळ्यात जास्त चित्रं इथे बिघडतात. डोळे बारीक करून पाहा. तपशील विरघळतात आणि चेहऱ्याचे दोनच भाग उरतात. त्यांच्यामधली सीमारेषा आधी हलकी आखा, मग सावलीचा सगळा भाग २बी पेन्सिलने एकाच सपाट छटेने भरा. पापणी, नाकपुडी, सुरकुती यातलं काही तोवर काढायचं नाही. कोरा कागद १ आणि पेन्सिलचा सर्वांत गडद काळा १० धरला, तर गव्हाळ त्वचेचा उजेड साधारण २ ते ४ मध्ये आणि सावली ६ ते ९ मध्ये ठेवा. सावळ्या त्वचेला दोन्ही पट्टे एकेक घर गडदकडे सरकतात. त्वचेच्या सावलीतली सर्वांत फिकी जागा उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच हवी. (हे त्वचेपुरतंच. उजेडातले काळे केस सावलीतल्या गालाहून काळे असू शकतात.)

हा नियम मोडतो तो बहुतेक वेळा परावर्तित प्रकाशामुळे. पांढऱ्या सदऱ्यावरून उसळलेला उजेड जबड्याखाली दिसतो, तो आवडतो, आणि खोडरबराने इतका उजळवला जातो की जबडा पत्र्याचा वाटू लागतो. डोळे बारीक केल्यावरही ती पट्टी चमकत असेल तर तिच्यावर एचबी पेन्सिलचा एक हात फिरवा.

सगळ्या कडा घासून मऊ. गालावर सावली हळूहळू वळते, तिथे कड मऊच हवी. पण नाकाची वरच्या ओठावर पडणारी सावली नाकाजवळ धारदार असते आणि दूर जाताना विरते. पेपर स्टंप (शेडिंग घासायची कागदाची कांडी) सगळीकडे फिरवला की हा फरक मरतो. बोटाने तर घासूच नका; त्वचेचं तेल कागदात उतरून डाग पडतात.

डोळ्यातलं पांढरं कोरं सोडणं. बुबुळाभोवतीचा भाग गोल आहे आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. त्याला ३-४ ची छटा द्या. कोरा कागद फक्त डोळ्यातल्या चमकेच्या ठिपक्यासाठी, आणि तो दोन्ही डोळ्यांत घड्याळाच्या एकाच आकड्यावर. एकात दहावर, दुसऱ्यात दोनवर असा ठिपका पडला की नजर फिरलेली दिसते.

रंगात काळा आणि पांढरा. सावलीसाठी त्वचेच्या रंगात काळा मिसळला की ती राखेसारखी मरते. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घ्या. प्रमाण बदलून सावली ऊबदार किंवा थंड करता येते. खिडकीच्या निळसर उजेडात सावल्या तुलनेने ऊबदार दिसतात, पिवळ्या बल्बखाली उलट. सावळ्या गालावर नुसता पांढरा लावला की पावडर फासल्यासारखं होतं. तिथली चमक छोटी, स्पष्ट आणि दिव्याच्याच रंगाची हवी.

दिव्याचा उजेड खिडकीसारखा रंगवणं. निरांजन हातात असेल तर उजेड खालून येतो: हनुवटीचा आणि नाकाचा तळ उजळ, कपाळ अंधारात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणून छाती आणि कपाळ एकाच छटेचे असूच शकत नाहीत. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र पाहा. जलरंगात ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर पेटली आहेत, कारण उजेड मांसातून आरपार येतो. ही लाली विसरली तर बोटं लाकडी होतात.

आणि तुमच्या कागदावरचा उजेडही पाहा. उजव्या हाताने काढत असाल तर दिवा डावीकडे. रंगकामाला ५००० ते ५५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप), ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेला एलईडी घ्या. डब्यावर दोन्ही आकडे तपासा. ईझलवर (चित्र ठेवायच्या घोडीवर) फार प्रखर उजेड ठेवला तर रंग नकळत गडद मिसळले जातात आणि साध्या खोलीत टांगल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.