गुलाबी मण्यांचा हिशोब

केमिकल इंजिनिअरिंगची मुलं औषध शरीरात हळूहळू सोडण्याच्या विषयात पीएचडीला आली की पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, फार्मसीतलं काही येत नाही, चालेल ना?" चालतं. रॉबर्ट लँगर १९७४ मध्ये एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेऊन निघाले. तेल कंपन्या नोकऱ्या देत होत्या, पण ते बॉस्टनला ज्युडा फोकमन या सर्जनकडे गेले. १९७६ मध्ये दोघांनी प्रथिनांसारखे मोठे रेणू पॉलिमरमधून सावकाश बाहेर सोडून दाखवले. आमच्या माटुंग्याच्या यूडीसीटीतून (आताची आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) गेलेले समीर मित्रगोत्री त्याच लँगरांकडे अल्ट्रासाउंडने त्वचेतून औषध आत घालण्यावर काम करत होते. शेवटी हे सगळं आपलं मास ट्रान्सफरच, म्हणजे पदार्थ एका जागेहून दुसरीकडे कसा आणि किती वेगाने जातो याचा हिशोब. पटत नसेल तर पहिल्या आठवड्यात हा प्रयोग करा.

१०० मिली पाणी स्टररवर जोरात फिरवत ठेवा आणि २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारी भुकटी) चिमटीचिमटीने भुरभुरवा. एकदम ओतलंत तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. रात्रभर ठेवा, बुडबुडे निघून जातील. सकाळी त्यातल्या २० मिलीत १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन बी-१२ मिसळा. रंग सुंदर गुलाबी येतो. हे उजेडात खराब होतं, म्हणून बीकरला फॉइल गुंडाळा.

दुसऱ्या बीकरमध्ये ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड घ्या (डायहायड्रेट असेल तर लिटरला १४.७ ग्रॅम). सिरिंजच्या सुईचं तिरपं टोक घासून सपाट करा आणि थेंब थेंब सोडा. थेंब पडताच त्याचा मणी होतो.

इथे मी स्वतः तोंडावर आपटलो होतो. पहिल्या वेळी "घट्ट होऊ देत" म्हणून मणी तसेच सोडून चहाला गेलो. परत आलो तर मणी पांढरे आणि बाथ (म्हणजे भोवतालचं कॅल्शियम क्लोराइड) गुलाबी! एवढ्या लहान मण्यातून बी-१२ काही मिनिटांतच बाहेर पडतं. उपाय साधा आहे: बाथमध्येही बी-१२ तेवढ्याच तीव्रतेचं ठेवा, म्हणजे बाहेर जायला कारणच उरत नाही. मग मणी गाळून फिल्टर पेपरवर भराभर टिपा. धूत बसू नका.

५ ग्रॅम मणी १०० मिली सौम्य कॅल्शियम क्लोराइडमध्ये टाका. लगेच फॉस्फेट बफर घेऊ नका. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगून विरघळतात, द्रावण गढूळ होतं आणि मग डिफ्युजन (बी-१२ आपोआप पाझरून बाहेर येणं) कुठलं नि मण्याचं विघटन कुठलं ते कळत नाही. ती मजा पुढच्या आठवड्यात. १, २, ३, ५, ८, १२, २०, ३० मिनिटांना ३ मिली काढा, तेवढंच ताजं घाला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३६१ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो त्याचं वाचन घ्या, शेवटी ०.५ च्या आसपास यायला हवं. काढून घेतलेलं बी-१२ बेरजेत धरायला विसरू नका, निम्मी मुलं विसरतात.

पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतचा रिलीज वेळेसमोर लॉग-लॉग कागदावर काढा. निकोलस पेपास यांच्या रिलीजच्या सूत्रातला घातांक, म्हणजे या रेषेचा चढ, गोल मण्यांसाठी ०.४३ जवळ आला, तर निव्वळ डिफ्युजन. १८ नंबरऐवजी २६ नंबरची सुई लावून पुन्हा करा. सुई पावणेतीन पट बारीक, पण थेंबाचा व्यास घनमुळाने घटतो, म्हणजे साधारण १.४ पटींनीच. रिलीजची वेळ मात्र व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून जवळपास निम्मी व्हायला हवी.

सगळ्यात शेवटी उरलेले मणी सोडियम सायट्रेटमध्ये विरघळवून आतलं बी-१२ मोजा. बाहेरचं, काढून घेतलेलं आणि आतलं मिळून २.५ मिलिग्रॅम होतं का पाहा, ५ ग्रॅम मण्यांत सुरुवातीला साधारण तेवढंच होतं. १.८ आलं, तर ग्राफ मला दाखवायला आणू नका. आधी फॉइल लावली होती का ते आठवा, मग मणी टिपलेला फिल्टर पेपर कचऱ्यातून काढून बघा, तो गुलाबी आहे का.