मराठी पत्त्यांचे रिडायरेक्ट लावताना या चुका टाळा

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याची साईट मी सांभाळतो, तिचे जुने पत्ते काढून '/केळी-भाव' असे मराठी पत्ते केले, जुन्यावरून नव्यावर आपोआप पाठवणारे रिडायरेक्ट लावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू, "काय भो, भाव दिसू नाही राहिले". व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या लिंका सगळ्या ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

चूक अशी की मराठी पत्ता ब्राउझरमधून कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांत येतो, तो मी एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या लोकेशनमध्ये, म्हणजे पत्ता जुळवायच्या नियमात, जसाच्या तसा चिकटवला. लिंकमध्ये मराठी अक्षराचा प्रत्येक बाईट (साठवणीचा तुकडा) टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं असा लिहिला जातो, नुसत्या 'केळी' शब्दाचे १२ बाईट म्हणजे ३६ अक्षरं होतात. पण एनजिनएक्स आधी ते उलगडतं, मग जुळवतं, त्यामुळे आपला नियम कधीच लागत नाही. तिथे फाईल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ठेवून सरळ मराठीतच लिहा. अपाची या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरचा रीराईटरूल (पत्ता बदलायचा नियम) पण उलगडलेलाच पत्ता बघतो, मात्र पाठवायच्या पत्त्यात टक्के असतील तर तो प्रत्येक टक्क्याचं पुन्हा '%२५' करतो आणि पान सापडत नाही, म्हणून तिथे हे बदलणं थांबवणारा एनई फ्लॅग नियमाला लावायचा.

एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर पाठवताना एनजिनएक्सचं 'यूआरआय' व्हेरिएबल वापरू नका, 'रिक्वेस्ट यूआरआय' वापरा. पहिल्यात प्रश्नचिन्हापुढचं सगळं गळून पडतं, म्हणजे तालुका निवडून आलेला शेतकरी पुन्हा पहिल्या पानावर.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट. पहिल्याच फटक्यात ३०१, म्हणजे कायमचा रिडायरेक्ट, लावू नका! माझ्याकडून एका ठिकाणी 'केळी' ऱ्हस्व पडलं होतं, सर्व्हरवर दोन मिनिटात दुरुस्त केलं तरी ज्यांनी आधी लिंक उघडली होती त्यांच्या फोनने तो चुकीचा पत्ता लक्षात ठेवलेला, कॅशे साफ करायला एकेकाला फोनवर समजवावं लागलं आणि वयस्कर माणसांना ते सांगणं सोपं नाही. आधी तात्पुरता ३०२ लावा, आठवडाभर बघा, मग ३०१. फॉर्मचा पत्ता हलवला असेल तर ३०८, तोही कायमचाच, कारण ३०१ वर ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणारी विनंती) गेट (नुसतं पान मागणारी) करतो आणि भरलेली ऑर्डर रिकामी पोचते.

साईट गोल गोल फिरत असेल तर पुढे प्रॉक्सी (विनंती आधी घेऊन आपल्या सर्व्हरकडे पाठवणारा मधला सर्व्हर) आहे का बघा, एचटीटीपीएस तिथेच संपत असेल तर मागच्या सर्व्हरला प्रत्येक विनंती एचटीटीपीच वाटते, 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर तपासूनच रिडायरेक्ट करा.

आणि तपासणी ब्राउझरमध्ये नको, तो जुनं लक्षात ठेवतो. कर्ल या कमांडने हेडर (उत्तरासोबत येणारी माहिती) बघा, रिडायरेक्टची एकेक उडी दिसते.