अबाउंड वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतलं अबाउंड हे क्रियापद वाचताना कुणालाच अडत नाही, रेलचेल असणे किंवा मुबलक असणे एवढा अर्थ लगेच लागतो. घोळ होतो तो स्वतः वाक्य लिहायला घेतलं की.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'द रिव्हर इज अबाउंडेड विथ फिश'. आपल्या डोक्यात 'नदी माशांनी भरलेली आहे' असतं, मग त्या 'आहे'साठी इज आणि 'भरलेली'साठी ईडी लावून आपण मोकळे होतो, कारण 'इज फिल्ड विथ' असंच चालतं ना! पण फिलला कर्म लागतं, अबाउंडला लागतच नाही, त्यामुळे त्याचा पॅसिव्ह होत नाही. 'असणे' त्याच्या पोटातच आहे. सरळ 'द रिव्हर अबाउंड्स विथ फिश' लिहा, झालं.

आता खरी गंमत. 'द रिव्हर अबाउंड्स इन फिश' पण बरोबर आणि 'फिश अबाउंड इन द रिव्हर' पण बरोबर, दोन्हीकडे इनच, म्हणून लोक गोंधळतात. पहिल्या वाक्यात कर्ता नदी आहे आणि इनच्या पुढे येतं ते कशाची रेलचेल आहे ते, इथे इनऐवजी विथ टाकलं तरी चालतं. दुसऱ्यात कर्ता मासेच आहेत आणि इन म्हणजे आपलं साधं 'नदीत', तिथे विथ टाकलंत तर वाक्य गेलं. आणि ऑफ कुठेच नको, तो 'फुल ऑफ'मधून घुसतो.

एसचं पण बघा. 'रूमर्स अबाउंड' बरोबर, 'रूमर्स अबाउंड्स' चूक, पण 'कन्फ्यूजन अबाउंड्स' बरोबर कारण कन्फ्यूजन एकवचनी धरतात. 'अ टायगर अबाउंड्स' मात्र कधीच नाही, एका वाघाची रेलचेल कशी होणार? 'मेनी रूमर्स अबाउंड' ही व्याकरणात चूक नाही, पण मेनी फुकटचा, अबाउंडमध्येच ते 'खूप' आलेलं आहे.

'आर अबाउंडिंग' पण शक्यतो टाळा, कानाला खटकतं. चालू काळच हवा असेल तर टीम (संघवालं नाही, teem म्हणजे गजबजलेलं असणे) हे क्रियापद घ्या, 'द पाँड इज टीमिंग विथ फ्रॉग्ज' एकदम नॉर्मल वाटतं. तसंही अबाउंड जरा पुस्तकी आहे, मित्राला मेसेज करताना 'देअर आर लॉट्स ऑफ' पुरे.

स्पेलिंगमध्ये अबाउंडला ओ आहे पण अबंडन्स आणि अबंडंटमध्ये तो गळतो, हे पाठच करा. मूळ लॅटिन उंडा, म्हणजे लाट, त्यावरून भरून वाहणे. बाउंड म्हणजे उडी किंवा बांधलेला, त्याच्याशी याचं काही नातं नाही, उलट सराउंड हा शब्द याच लाटेतून आलाय, कोणाला वाटेल का!

आणि मराठी करताना जपून. आपण चांगल्या गोष्टींची रेलचेल म्हणतो आणि उंदरांचा सुळसुळाट, अबाउंड दोन्हीकडे चालतं, त्यामुळे 'रॅट्स अबाउंड'चं 'उंदरांची रेलचेल आहे' केलंत तर वाचणारा हसेल.