मेसच्या ताटात रोज चारशे ग्रॅम भाज्या-फळे कशी बसवावीत

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवल्या असून, त्यात बटाटा, रताळे यांसारखी पिष्टमय कंदमुळे धरलेली नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना आणखी पुढे जातात. दोन हजार कॅलरींच्या आहारात भाज्याच ४०० ग्रॅम आणि शिवाय १०० ग्रॅम फळे असावीत, असे त्या सांगतात. सोलापुरात शिकायला आलेल्या आणि मेसवर किंवा डब्यावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याने पहिले उद्दिष्ट ४०० ग्रॅमचे ठेवावे.

प्रथम आपल्या ताटाचा हिशेब मांडावा. मेसच्या ताटात दोन भाज्या दिसतात खऱ्या, परंतु सुकी भाजी बटाट्याची आणि पातळ भाजी मटकीची असेल, तर या मोजणीत त्या दिवसाची भाजी शून्यच धरावी लागते. मटकी उत्तम अन्न आहे, पण ती कडधान्यात मोजावी. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी या सोलापूरच्या अभिमानाच्या गोष्टी असल्या, तरी त्यांनीही हा आकडा पुढे सरकत नाही. (भाकरी सोडून मैद्याकडे वळण्याचे मात्र काहीच कारण नाही.)

मग तूट भरून काढावी. त्यासाठी स्वयंपाकघर लागत नाही. एक सुरी, एक ताटली आणि वाहते पाणी पुरते. दुपारच्या जेवणासोबत एक मध्यम काकडी आणि एक टोमॅटो चिरून घेतल्यास दोनशे ग्रॅमच्या आसपास भर पडते. हिवाळ्यात त्याऐवजी गाजर व मुळा घ्यावा. सायंकाळच्या भज्यांच्या वेळेला एक पेरू किंवा केळे खाल्ले, की आणखी शंभर ग्रॅम किंवा त्याहून अधिक होतात. उरलेला भाग मेसच्या भाजीतून यावा, म्हणून मेसच्या काकूंना चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून विनंती करावी की आठवड्यातून निदान तीन वेळा मेथी, शेपू, चुका, गवार किंवा दोडका करावा; एकट्याने केलेल्या मागणीपेक्षा अशी मागणी लवकर मान्य होते. खोलीवर फ्रीज नसल्यास लक्ष्मी मंडईतून एक-दोन दिवसांपुरतेच आणावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजी दुसऱ्या दिवशीच मान टाकते.

फळ महाग पडते ही तक्रार रास्त आहे, पण हंगामाप्रमाणे घेतल्यास ती बरीच सौम्य होते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापूर विद्यापीठ असलेल्या केगावातच आहे. तरीही डाळिंब परवडत नसेल, तर बोरे आणि पेरू यांना कमी लेखू नये. पेरूत तंतू आणि क जीवनसत्त्व भरपूर असते. फळांचा रस मात्र फळाच्या जागी धरू नये. गाळलेल्या रसात बहुतेक तंतू उरत नाहीत, साखर मात्र उरते आणि ती लवकर रक्तात उतरते.

चयापचयाशी, म्हणजे शरीर अन्नाचा वापर कसा करते याच्याशी, याचा संबंध येथेच आहे. विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू ग्लुकोजचे शोषण मंद करतात आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, काही प्रमाणात उतरवतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांच्यापासून उपयुक्त लघुशृंखल मेदाम्ले (लहान रेणूंची मेदाम्ले) तयार करतात. भाज्या-फळांतील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास मदत करते. तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे.

बदल पाहायचा असेल, तर वजनकाट्यापेक्षा टेप अधिक उपयोगी पडते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून घेर मोजावा. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. घरात मधुमेह असल्यास उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाबही तपासून घ्यावा. साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ट्रायग्लिसराइड त्याच मापात १५० किंवा रक्तदाब १३०/८५ यांपैकी एकही मर्यादा गाठली गेली, अथवा एचडीएल त्याच मापात पुरुषांत ४० किंवा स्त्रियांत ५० च्या खाली आढळले, तर अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी केवळ काकडी वाढवून थांबू नये.