खाणीजवळच्या गावाने खनिज प्रतिष्ठानचा निधी कसा मागावा

२०१५ साली खाण कायद्यात कलम ९ब आले. तेव्हापासून खाणपट्टेधारकाला रॉयल्टीशिवाय आणखी एक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर ती रॉयल्टीच्या ३० टक्के असते आणि लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत खाणीची धूळ खाणाऱ्या गावांसाठीच हा पैसा आहे. तो मागताना बहुतेक गावे कागदात अडकतात.

पहिली गोष्ट, हा पैसा एखाद्या संस्थेच्या खात्यात येईल अशी आशा धरू नका. मंजुरी कामाला मिळते. ते काम ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा बांधकाम विभाग करतो. गावातल्या मंडळाने किंवा संस्थेने पुरावा, ठराव आणि पाठपुरावा सांभाळावा. हे थोडेथोडके काम नव्हे.

आता गाव बाधित यादीत आहे का ते पाहा. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित धरतात. यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत मिळते. अंतरात बसूनही गाव यादीत नसेल, तर पहिला अर्ज नाव घालण्यासाठी करा आणि सोबत गाव व खाणपट्टा दाखवणारा नकाशा जोडा. यादीत नसलेल्या गावाचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी फाइल पुढे सरकत नाही.

मग काम निवडा. निधीचा किमान ७० टक्के भाग उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्च करायचा असतो. त्यात पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण, स्वच्छता वगैरे येते. रस्ते आणि पूल उरलेल्या ३० टक्क्यांत बसतात आणि तिथे सगळ्या तालुक्याची झुंबड असते. ग्रामसभेत पहिली मागणी हमखास रस्त्याची किंवा सभामंडपाची येते. ती खोटी नसते, पण पाण्याचा प्रस्ताव आधी द्या. दुसरी सावधगिरी म्हणजे वाहतुकीच्या रस्त्यावर पाणी मारणे, खाणीभोवती झाडे लावणे अशी कामे अनेकदा पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार कंपनीचीच जबाबदारी असतात. मंजुरीचे पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर वाचा. जे काम कंपनीने करायचे आहे, त्यासाठी गावाचा निधी मागू नका.

पुराव्यात सर्वात वजनदार कागद म्हणजे पाणी तपासणी अहवाल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुने द्या. हातपंप आधी पाच मिनिटे चालू ठेवा. स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि मग भरा. जीवाणू तपासणीचा नमुना वेगळा घ्यावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते. ती विसळायची नाही, थंड ठेवून लवकर पोचवायची. प्रत्येक नमुन्यावर स्रोताचे नाव, गट क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा. ‘गावातील बोअर’ एवढेच लिहिलेला अहवाल निरुपयोगी असतो. भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे दोन अहवाल असले की ‘हे तात्पुरते आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

ठराव मोघम नको. ‘गावात पाण्याची सोय व्हावी’ असा ठराव कोणत्याही कामाला लागू होतो आणि म्हणूनच कुठेच उपयोगी पडत नाही. कामाचे नाव, जागेचा गट क्रमांक, लाभार्थी वस्ती, वीजबिल आणि दुरुस्ती कोण भरणार हे सगळे लिहा. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ग्रामसभेआधी महिला सभा घेऊन तिचा ठरावही जोडा. अनुसूचित क्षेत्रात तर ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय हा निधी खर्चच करता येत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीसारख्या तालुक्यातल्या गावांनी हा नियम पाठ ठेवावा.

जागेचा प्रश्न आधी मिटवा. खासगी जमिनीवर टाकी बांधायची असेल तर नुसत्या संमतीपत्रावर विसंबू नका. मालक बदलला की कुलूप लागते. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबारावर फेरफार घ्या. वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याचे कलम ३(२) वापरा. पाणीपुरवठा, अंगणवाडी, दवाखाना अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत.

अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडून चालू दरसूचीप्रमाणे करून घ्या आणि त्यावर तांत्रिक मान्यता घ्या. ठेकेदाराचे कोटेशन चालत नाही. हेच काम जलजीवन मिशनमधून मंजूर नसल्याचा दाखलाही जोडा. आरओ (पाणी शुद्ध करणारे) संयंत्र मागत असाल तर त्याची मेम्ब्रेन म्हणजे गाळणपडदा बदलण्याचा आणि वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेब लिहा. ते खारे, फ्लोराइडयुक्त पाणी मागच्या नाल्यात सोडले तर विहिरीत परत येते. शक्य असेल तिथे दुसऱ्या सुरक्षित स्रोतावरून नळयोजना मागणे शहाणपणाचे.

वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाआधी ठरतो, म्हणून प्रस्ताव डिसेंबरपर्यंत द्या. ठरावासाठी २६ जानेवारीच्या ग्रामसभेची वाट पाहत बसू नका. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर आले नाही तर १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात प्रतिष्ठानच्या समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि आपल्या आवक क्रमांकावरची कार्यवाही मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नामंजुरीचे कारण लेखी आले की त्रुटी तेवढीच दुरुस्त करून त्याच आवक क्रमांकाच्या संदर्भाने प्रस्ताव पुन्हा पाठवा.